जुना ट्रॅक्टर घेतांना भाव कसा मागावा

जनावरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरविण्याची जुनी चाल आहे. मागणी कितीहि कमी झाली तरी ती चारचौघांत फुटत नाहीं व विकणाराचा मान राहतो. जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदींत मात्र ही मर्यादा पाळलेली क्वचित् दिसते. यंत्र नीट न पाहतां, दहा माणसांदेखत, सांगितलेल्या किंमतीच्या निम्म्यानें मागावयाचें, यालाच कित्येक व्यवहारचातुर्य समजतात. आमचें मत तसें नाहीं.

जुन्या यंत्राची खरी हकीकत विकणारासच ठाऊक असते. तासांचें मीटर बदलतां येतें, रंग नवा देतां येतो. पण इंजिनाचें काम केव्हां केलें, गिअरपेटी कशासाठीं उघडली, हें तोच सांगूं शकतो. अपमानाची मागणी ऐकतांच त्याचें तोंड मिटतें, आणि थोड्या रुपयांच्या लोभानें घेणारा मोठ्या माहितीस मुकतो.

कमी मागणें गैर नव्हे. तें कमी कां, हें दाखवितां आलें पाहिजे. पाहावयास सकाळीं जावें व इंजिन गार असतांनाच चालू करावयास लावावें. आधींच तापविलेलें इंजिन पुष्कळ दोष झांकतें. धूर निळसर असेल तर वंगण जळत आहे, म्हणजे रिंगा किंवा सिलिंडर झिजल्याचा संभव. हा खर्च मोठा. काळा धूर सतत येत असल्यास प्रथम हवेची गाळणी व इंजेक्टर पाहावे. नांगर उचलून धरावा व तो आपोआप खालीं बसतो काय तें पाहावें. मग विश्वासाच्या मिस्त्रीकडून दुरुस्तीचा अंदाज घेऊन तेवढी रक्कम वजा करून मागावें. "टायर बदलावे लागतील, त्याचे इतके" असें म्हटल्यास कोणास राग येत नाहीं. "हें तर भंगार" असें म्हणणारा तेंच भंगार घ्यावयास आलेला असतो, हें विकणारास कळत नाहीं काय?

विकणारा अडलेला असेल तेव्हां तर अधिक जपावें. १९७२ च्या दुष्काळांत चाऱ्याअभावीं जनावरें मातीमोल गेलीं. तीं कोणी कशीं घेतलीं, हें गांवोगांवचीं म्हातारीं माणसें अजून सांगतात. आज ज्याच्या हप्त्याची अडचण पाहून आपण भाव पाडतों, तोच उद्यां पाण्याच्या पाळीला आपल्या शेजारीं उभा असतो.

इसार दिल्यावर मात्र भावाची गोष्ट पुन्हां काढूं नये. ट्रॅक्टर न्यावयास येऊन दारांत पुन्हां घासाघीस करणें, हा या व्यवहारांतील सर्वांत हलका प्रकार होय. जें विचारावयाचें तें इसारापूर्वीं विचारावें: बँकेचा बोजा आहे काय, असल्यास तो उतरविण्याचा फॉर्म ३५ मिळेल काय, नांव बदलण्याचे फॉर्म २९ व ३० कोण भरणार आणि त्याचा खर्च कोणाकडे. ट्रॅक्टर राज्यांतल्या राज्यांत विकला असेल तर विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें.