शरणागत ससा : लीळेचा अर्थ आणि आचार

अहिंसा हा परमधर्माच्या आचाराचा पाया होय, हे प्रत्येक उपदेशी जाणतो. तथापि अहिंसा म्हणजे आपल्या हाताने जीव न मारणे, एवढाच मर्यादित अर्थ पुष्कळदा घेतला जातो. मी मारीत नाही, मग माझ्यावर दोष कसला, असे म्हणून मनुष्य मोकळा होतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या चरित्रात मात्र या धर्माचे एक दुसरे अंग दिसते. ते अंग म्हणजे दुसऱ्याकडून मारल्या जाणाऱ्या जीवाचे रक्षण. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील सशाच्या लीळेच्या आधारे या अंगाचा विचार येथे करावयाचा आहे.

लीळेचा प्रसंग

स्वामी रानात वृक्षाखाली आसनस्थ असताना पारध्यांनी सशामागे कुत्री सोडली. ससा प्राणभयाने धावत आला आणि स्वामींच्या जानूखाली दडला. कुत्री थबकली. मागोमाग पारधी आले. त्यांनी ससा सोडण्याची विनंती केली आणि कारणही सांगितले : हा ससा पैजेचा आहे, तो न मिळाल्यास आपसांत शस्त्रे निघतील. स्वामींनी त्यांना सांगितले की हा जीव येथे शरण आला आहे, आणि येथे शरण आलेल्यास मरण नाही. पुढे स्वामींनी त्यांना निरूपण केले. जो जीव रानातील तृण खातो, रानातील पाणी पितो आणि कोणाचे काही घेत नाही, अशा निरपराध्याला का मारावे, असा त्या निरूपणाचा आशय आहे. पारध्यांचे मन पालटले, हिंसा न करण्याचा निश्चय करून ते निघून गेले. त्यानंतर स्वामींनी जानू उचलली आणि सशाला आदराने संबोधून जाण्यास सांगितले.

लीळेतील तीन अंगे

पहिले अंग शरण देण्याचे. सशाने काही मागितले नाही, त्याला वाचा नाही. त्याचे धावत येणे हीच त्याची याचना होती, आणि ती स्वामींनी स्वीकारली. यावरून मुक्या जीवाची याचना त्याच्या वर्तनातून ओळखावयाची असते, हे कळते. जू लागून सोललेली बैलाची मान, उन्हात बांधलेल्या जनावराची जीभ, विहिरीत पडलेल्या कुत्र्याचे विव्हळणे, ही सारी याचनाच होय.

दुसरे अंग दृढतेचे. पारध्यांनी मांडलेली अडचण खोटी नव्हती. पैज होती, भांडणाचा संभव होता. तरीही शरणागताचा प्राण हा त्या अडचणीचा मोबदला ठरला नाही. माणसांच्या आपसांतील व्यवहारापायी मुका जीव देऊन टाकावा, हा मार्ग स्वामींनी मान्य केला नाही.

तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे आहे. स्वामींनी ससा वाचविला, त्याचबरोबर पारध्यांनाही वाचविले. त्यांच्यावर कोप केला नाही, त्यांना शाप दिला नाही. ससा केवळ लपविला असता तर एक जीव वाचला असता आणि दुसऱ्या दिवशी दुसरा मेला असता. मारणाऱ्याचे मन पालटल्याने पुढील अनेक जीव वाचले, आणि पारधीही हिंसेच्या कर्मातून सुटले. म्हणून प्राणिरक्षणाच्या नावाखाली मारणाऱ्याचा द्वेष करणे हा या लीळेचा बोध नव्हे.

शंका आणि समाधान

येथे कोणी अशी शंका घेतो : जीव आपापल्या कर्माचे फळ भोगतो. सशाला मरण यावयाचे असेल तर ते त्याचे कर्म. ज्याने परमेश्वराचे अनुसरण करावयाचे, त्याने अशा प्रपंचात का पडावे?

समाधान असे. सशाच्या कर्माचा हिशेब ठेवणे हे साधकाचे काम नव्हे, तो त्याला कळतही नाही. साधकाला कळते ते आपले कर्म. समोर जीव तडफडत असताना, हात पोहोचत असताना, जो तो हात आखडतो, त्याचे ते आखडणे हे त्याचेच कर्म होय. शिवाय कर्मसिद्धान्त हा दयेला पर्याय म्हणून सांगितलेला नाही. तसे असते तर जीवांच्या उद्धारासाठी परमेश्वराने अवतार धारण करण्याचेही प्रयोजन उरले नसते. जीव बद्ध आहे आणि म्हणूनच कृपेचा विषय आहे. सशातील जीव आणि मनुष्यातील जीव यांचे देह भिन्न असले तरी बद्धता दोघांचीही आहे. ज्याने स्वतः कृपेची अपेक्षा करावी, त्याने दुसऱ्या बद्ध जीवाविषयी निर्दय व्हावे हे विसंगत आहे.

दुसरी शंका वासनिकांच्या घरातून येते. गावात मरीआईला किंवा म्हसोबाला बोकड देण्याची चाल आहे, भाऊबंद वर्गणी मागतात, नाही म्हटल्यास गावकीत अबोला येतो, मग काय करावे? येथे तत्त्व स्पष्ट आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचा विचार ज्याने केला, त्याला देवता मोक्ष देऊ शकत नाही हे माहीत आहे. देवतेचे फळ नाशवंत, आणि त्यासाठी केलेल्या हिंसेचे कर्म मात्र करणाऱ्याच्या पदरी राहते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने प्राण्यांचा छळ गुन्हा ठरविला, परंतु त्याच अधिनियमाच्या २८ व्या कलमाने एखाद्या समाजाच्या धर्मानुसार आवश्यक अशा रीतीने केलेला वध त्यातून वगळला. जेथे कायदा थांबतो तेथे धर्मानेच पुढे जावयाचे असते. वासनिकाने वर्गणी शाळेसाठी, पाणवठ्यासाठी आनंदाने द्यावी, बोकडासाठी नम्रपणे नाकारावी, आणि अबोला आला तर तो सोसावा. पारध्यांशी स्वामी ज्या शांतपणे बोलले, तीच रीत येथे ठेवावी.

वृक्षांविषयी

साधनवंताने देशाच्या शेवटी, झाडातळी जन्म कंठावा, अशा आशयाची स्वामींची आज्ञा प्रसिद्ध आहे. भिक्षुकाला घर नाही, मठाचा अभिमान नाही, त्याला सावली आहे ती झाडाची. ज्या लीळेचा येथे विचार चालला आहे तीही वृक्षाखालीच घडली. आज स्थानांच्या परिसरात सिमेंटचा विस्तार करताना जुना निंब किंवा चिंच तोडली जाते. तीर्थयात्रेस येणाऱ्याला ओट्यावर छत मिळते, पण झाडातळी बसण्याचा जो आचार सांगितला त्याची जागाच नाहीशी होते. स्थानाचे विश्वस्त, भिक्षुक आणि वासनिक या सर्वांनीच याचा विचार करावा.

शेतीतील आचार

मुंगीलाही आपल्यामुळे वैधव्य येऊ नये, इतकी सूक्ष्म मर्यादा स्वामींनी घालून दिली. भिक्षुक पाणी गाळून घेतो, पाहून पाऊल टाकतो. कृषिकाला ही मर्यादा जशीच्या तशी पाळता येत नाही, नांगराखाली जीव मरतातच. परंतु टाळता येणारी हिंसा आणि न टाळता येणारी हिंसा यांतील भेद त्याने अवश्य करावा.

उन्हाळ्यात धुऱ्यावरचे गवत पेटवून देण्याची पद्धत विदर्भात सर्वत्र आहे. त्याच गवतात तित्तिराची अंडी असतात, सशाची पिले दडलेली असतात. सशाचे पिलू धोका दिसताच पळत नाही, निपचित पडून राहते, म्हणून ते आगीत सापडते. ज्या पंथात सशाला जानूखाली अभय मिळाले, त्या पंथाच्या माणसाने धुरा पेटवू नये, गवत कापून घ्यावे. बैल हाकताना पराणीला लोखंडी आर लावू नये. ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनीही अणकुचीदार काठीला मनाई केली आहे, आणि दिवसात एकूण ९ तासांहून अधिक व विश्रांतीविना सलग ५ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे सांगितले आहे. उघड्या विहिरीला कठडा बांधावा.

रोही आणि रानडुक्कर पीक नासतात, ही कृषिकाची तक्रार खरी आहे. एका रात्रीत वर्षाचे अन्न जाते, तेव्हा त्याला केवळ दयेचा उपदेश करणे उचित नाही. राखण करावी, नुकसानीचा पंचनामा करून शासनाची भरपाई मागावी, झटका देऊन परतविणारे सौर कुंपण शेजाऱ्यांनी मिळून घालावे. परंतु तारेत थेट वीज सोडणे हा मार्ग सर्वथा त्याज्य आहे. ती तार रानडुक्कर, वाघ आणि शेजारचा शेतकरी यांत भेद करीत नाही.

अशी वृत्ती गृहस्थाच्या घरात रुजू शकते काय, असे कोणी विचारील. तिचे उदाहरण मारवाडात आहे. जांभोजींनी १४८५ मध्ये स्थापन केलेल्या बिश्नोई पंथाच्या २९ नियमांत जीवदया आणि हिरवे झाड न तोडणे हे नियम आहेत. १७३० मध्ये जोधपूरच्या राजाची माणसे खेजडली गावी खेजडीची झाडे तोडण्यास आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून इतर बिश्नोई स्त्रीपुरुष झाडांना कवटाळून उभे राहिले. त्यांत ३६३ जणांनी प्राण दिले. त्या पंथाचे तत्त्वज्ञान निराळे आहे, परंतु ते लोक शेती करणारे, गुरे पाळणारे गृहस्थच होते. गुरूची आज्ञा त्यांनी घरातील मुलांपर्यंत पोहोचविली, म्हणून कसोटीच्या वेळी ती टिकली.

तात्पर्य

स्वतः न मारणे हा अहिंसेचा आरंभ, मरणाऱ्याला आसरा देणे हे तिचे मध्य, आणि मारणाऱ्याचे मन पालटणे ही तिची पूर्णता होय. ही तीनही अंगे एका सशाच्या निमित्ताने स्वामींनी आचरून दाखविली. ससा सुटल्यावर स्वामींनी त्याला पाळले नाही, बांधले नाही, त्याचे रान त्याला परत दिले. त्या रानातील गवत, पाणी आणि सावली शिल्लक राहील तोवरच त्या अभयदानाला अर्थ आहे. ते शिल्लक ठेवणे हे लीळेचे नित्य स्मरण करणाऱ्या प्रत्येक उपदेशीचे कर्तव्य आहे.

दंडवत प्रणाम.