गुडघा दुखावला तेव्हा : माप शिकवणारे दिवस

आजचा वाचनभाग : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ व १७



आजचे दोन श्लोक आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. ध्यानाच्या अध्यायात भगवंत अर्जुनाला जेवणाखाण्याविषयी आणि झोपेविषयी सांगतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, तसाच सतत जागणाऱ्यालाही नाही. खाणं, फिरणं, काम, झोप, जागरण या सगळ्याला ज्याने माप घातलं, त्याचं दुःख योग दूर करतो. मी हे श्लोक कितीतरी वेळा वाचले होते, पण ते खरे कळले ते पलंगावर उशीवर पाय ठेवून पडले होते तेव्हा.

काय घडलं?

मी पन्नाशीकडे झुकलेली बाई. सहा वर्षांपूर्वी रक्तातली साखर सीमारेषेवर आली, म्हणून चालायला लागले, आणि चालता चालता धावायला. पहाटेची तळजाई टेकडी हे माझं दुसरं देवघर झालं. मनातल्या मनात नामस्मरण आणि पायाखाली लाल माती. डिसेंबरमधल्या २१ किलोमीटरच्या स्पर्धेत नाव घातलं आणि तिथेच माप सुटलं. आठवड्याला २५ किलोमीटर धावणारी मी तीन आठवड्यांत ४० वर गेले. कार्तिकी एकादशीचा उपवास झाला, रात्री भजनाला जागरण झालं, चार तास झोप मिळाली आणि द्वादशीच्या पहाटे १६ किलोमीटर धावायचा हट्ट धरला.

उतारावर एक कुत्रं आडवं आलं. मी वळले, पण पाऊल मातीत रुतून तसंच राहिलं. गुडघ्यात काहीतरी कट्कन झालं. लगेच फारसं सुजलं नाही, म्हणून लंगडत घरी आले. संध्याकाळी गुडघा नारळासारखा टम्म आणि मांडी घालणं अशक्य.

शरीराने सांगितलेलं

एमआरआयमध्ये आतल्या बाजूचा मेनिस्कस फाटलेला दिसला. मांडीचं आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या दोन कूर्चेच्या गाद्या असतात. त्या धक्के झेलतात, वजन पसरवतात. पाऊल जमिनीवर घट्ट असताना गुडघा पिळला की गादी चिरू शकते. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती मनात राहिली. या गादीच्या बाहेरच्या काठाला रक्तपुरवठा चांगला असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतो. म्हणून काठावरची चीर भरून यायची शक्यता जास्त आणि आतली फार कमी. माझी लहान होती आणि काठाजवळची होती, गुडघा अडकतही नव्हता. त्यामुळे शस्त्रक्रिया नको, आधी व्यायाम करून बघू, असं ठरलं.

कुणाला उपयोगी पडेल म्हणून थोडं लिहिते. पहिल्या दोन-तीन दिवसांत सुजलेल्या गुडघ्याला गरम तेलाचा मसाज नको, शेकही नको. घरोघरी आपण आधी तेच करतो. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच. मात्र पाय टेकून चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तासा-दोन तासांत भराभर सुजला असेल, किंवा ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. पोटरी सुजून दुखायला लागली तरीही थांबू नका. आणि साध्या एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, ही गादी दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

मनाने सांगितलेलं

दुखणं सहन होत होतं, पण पहाट सहन होत नव्हती. साडेचारला जाग यायची आणि कुठेच जायचं नसायचं. सोबतिणींचे टेकडीवरचे फोटो आले की मी मोबाइल उलटा ठेवायची. चिडचिड वाढली. नातेवाइकांनी भर घातली. कुणी म्हणालं, या वयात हे कशाला? कुणी साडेसाती काढली. आणि मी? मी देवालाच विचारत होते, उपवास केला, जागरण केलं, तरी मलाच का?

मग याच श्लोकांवर बोट थांबलं. ही शिक्षा नव्हती हो. कुत्रं आडवं आलं, तो अपघातच. उत्तम झोपलेल्या माणसालाही तो होऊ शकतो. पण दमलेल्या पायांना सावरायला वेळ मिळाला नाही, हेही खरं. मी ज्याला भक्ती आणि निष्ठा म्हणत होते, त्यात बराचसा हट्ट होता. कमी खाणं, कमी झोपणं, जास्त धावणं, तिन्हीकडे माप चुकलं होतं.

खरी बोच मात्र वेगळी होती. सासूबाईंचे गुडघे दहा वर्षांपासून झिजलेले. त्या खुर्चीवर बसून पूजा करतात. मी टेकडीवरून घामाने भिजून यायची आणि दारातूनच म्हणायची, "आई, रोज थोडं चाललं तर काही होत नाही. बसून बसून दुखतं ते." त्या काही बोलायच्या नाहीत.

आता मीही त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. तिसऱ्या दिवशी न्हाणीघराचा उंबरा ओलांडताना माझा तोल जायला लागला, तर त्यांनी आपली काठी पुढे केली. म्हणाल्या, "आधी चांगला पाय वर, उतरताना दुखरा आधी. मला सवय आहे." फिजिओथेरपिस्टनेही नंतर जिन्यासाठी अगदी हेच सांगितलं. त्या रात्री मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, दुखल्याशिवाय दुसऱ्याचं कुणाला कळलंय?" एवढंच. मला मात्र रडू आवरेना.

पुढचे आठवडे

गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो आणि भराभर बारीक होतो. त्याला जागं करायचा व्यायाम अगदी साधा. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. धावणाऱ्या बाईला हा व्यायाम म्हणजे अपमान वाटला होता! आकड्यांऐवजी मी नाम घ्यायला लागले. मग फिजिओथेरपिस्टला विचारून आईंनीही सुरू केलं. आता रोज सकाळी दोघी पलंगावर पाय पसरून बसतो, एक टॉवेल माझा, एक त्यांचा.

डिसेंबरची स्पर्धा गेली. अकरा आठवडे झाले. मी अर्धा तास न दुखता चालते. एक मिनिट हळू धाव, दोन मिनिटं चाल, एवढीच परवानगी मिळाली आहे. पुन्हा २१ किलोमीटर धावेन का, माहीत नाही. ते मागणं मी सध्या देवापुढे ठेवलेलं नाही. आई गेल्या आठवड्यात काठी घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत आल्या. मी त्यांच्या चालीने चालले. पहिल्यांदाच.

स्वतःला विचारू या

१. माझ्या कोणत्या चांगल्या सवयीचं माप सुटलं आहे? व्यायाम, उपवास, सेवा, काम, काहीही असेल.

२. माझं शरीर चालतंय या जोरावर मी कुणाच्या दुखण्याला आळस म्हटलं आहे का?

३. आज मला थांबावं लागलं, तर माझ्या शेजारी कोण बसलेलं दिसेल?

आजचा संकल्प

आज एक गोष्ट जरा कमी करू आणि झोप जरा जास्त घेऊ. आणि घरात जो हळू चालतो, त्याच्याबरोबर दहा पावलं त्याच्या चालीने चालू.

हे भगवंता, पाय दिलेस तसं मापही दे. धावताना माज नको आणि थांबताना कडवटपणा नको.

उद्या भेटू. काळजी घ्या.