आतड्यातील पाण्याचा हिशेब

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा भट्टीतून बाहेर पडणाऱ्या लोहरसाचे तापमान सुमारे १,५०० अंश सेल्सियस असते. छत्तीसगढच्या उन्हाळ्यात त्याच्या जवळपास काम करणाऱ्या माणसाच्या शरीरातून घामावाटे पाणी व मीठ सतत बाहेर जाते. ही तूट भरून काढण्याचा नैसर्गिक मार्ग म्हणजे आतडे. पचनसंस्थेचे कार्य केवळ अन्न पचविणे नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

या प्रदेशातील कष्टकरी उन्हाळ्यात 'बासी' खातात. रात्री शिजविलेला भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी त्या पाण्यासह, मीठ घालून, कांदा-मिरचीबरोबर खाण्याची ही रीत आहे.

बासीचा घास तोंडात जाताच लाळेतील विकर भातामधील पिष्टाचे विघटन सुरू करते. गिळलेला घास अन्ननलिकेच्या स्नायूंच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या आकुंचनामुळे जठरात ढकलला जातो. तेथे तो आम्लरसात घुसळला जातो आणि थोडा थोडा लहान आतड्यात उतरतो. स्वादुपिंडातील रस व आतड्याच्या अस्तरातील विकरे यांच्यामुळे पिष्टाचे अखेर ग्लुकोज बनते.

या कामी शरीर स्वतःचे पुष्कळ पाणी खर्च करते. लाळ, जठररस, पित्त इत्यादी मिळून दिवसाला सुमारे सात लिटर द्रव अन्नमार्गात येतो. खाण्यापिण्यातून आणखी सुमारे दोन लिटरची भर पडते. मळावाटे मात्र शंभर ते दोनशे मिलिलिटरच पाणी बाहेर जाते. उरलेले सर्व, मुख्यत्वे लहान आतड्यातून, परत शोषले जाते.

पाणी आपणहून शोषले जात नाही. ते क्षारांच्या मागोमाग जाते. मिठातील सोडियम आणि ग्लुकोज ही जोडीने आतड्याच्या पेशीत शिरतात, अशी उपपत्ती रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. मीठ घातलेल्या बासीत पाणी, सोडियम आणि पिष्ट तिन्ही असतात.

पटकीच्या रोगात जंतूंच्या विषामुळे आतडे उलट पाणी व क्षार बाहेर टाकू लागते. तरीही सोडियम-ग्लुकोजचा हा मार्ग खुलाच राहतो. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे द्रावण अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना साखर व क्षार यांचे पाणी पाजले आणि असंख्य प्राण वाचविले.

जुलाब होताच घरीही असे पाणी देता येते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. बासी हे अन्न आहे, औषध नव्हे. तिचे पाणीही स्वच्छच हवे. कारण ज्या मार्गाने शरीराची तूट भरून निघते, त्याच मार्गाने रोगजंतूही आत येतात.