तलावाचं पाणी गोड, लोणारचं खारट : असं का?

(इयत्ता सहावी ते आठवी – विज्ञान व भूगोल, एकत्रित पाठ)



आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गावागणिक एखादा मामा तलाव, नाहीतर एखादी बोडी असतेच. त्यामुळे ‘पाण्यातील क्षार’ हा भाग शिकवायला पुस्तकापेक्षा तलावाची पाळ जास्त कामाची, असं माझं मत आहे. पण मागच्या उन्हाळ्यात याच विषयावर माझी फजिती झाली. ती आधी सांगतो.

बाष्पीभवन शिकवत होतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, एवढं फळ्यावर लिहून झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, मंग उन्हाळ्यात तलाव आटते तवा मीठ वाढूनच मासे मरतेत का जी?” मी जराही विचार न करता ‘हो’ म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील शाळेत आले. घरची पिढीजात मासेमारी. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “मीठ नाही गुरुजी, दम कोंडते त्यांचा. पहाटे येऊन पाहा.” गेलो. मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मग नीट अभ्यास केला आणि पूर्ण पाठ नव्याने बांधला. तो असा.

१. क्षार येतात कुठून?

पावसाचं पाणी जवळजवळ शुद्ध असतं. ते जमिनीवरून, मुरमातून, खडकावरून वाहताना थोडे थोडे क्षार विरघळवून घेतं. म्हणजे ‘गोड्या’ पाण्यातही क्षार असतातच, फक्त कमी. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, असं भारतीय मानक सांगतं. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत. आणि समुद्राच्या पाण्यात? लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे 35,000 मिलिग्रॅम.

२. पाणी जातं कसं, हा खरा प्रश्न

मुलांकडून हा प्रयोग करून घ्या. दोन सारख्या ताटल्यांत प्यायचं पाणी सारखंच घ्या. दोन्हींत अर्धा-अर्धा चमचा मीठ विरघळवा. पहिलीतलं अर्धं पाणी ओतून द्या. दुसरी उन्हात ठेवून पाणी अर्धं होऊ द्या (वर पातळ कापड झाका). आता दोन्ही चाखा. पहिलीची चव तीच, दुसरी मात्र दुप्पट खारट! (तलावाचं पाणी चाखायला लावू नका. चव फक्त या ताटल्यांची.)

यातच सगळं आलं. ओतून गेलेलं पाणी मीठ घेऊन जातं. सूर्याने नेलेलं पाणी मीठ ठेवून जातं.

आता आपला तलाव बघा. तुडूम उघडला की पाणी पाटाने धानाच्या बांधीत जातं, क्षार घेऊन. काही पाणी तळातून झिरपतं, तेही क्षार घेऊन. आणि आपल्याकडे वर्षाला सुमारे बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस. चांगल्या पावसात तलाव भरून सांडव्यावरून वाहतो, म्हणजे दरवर्षी धुतलाच जातो. गोंड राजवटीत कोहळी समाजाने हे तलाव बांधले. पाळ, तुडूम आणि सांडवा अशी त्यांची रचना असल्यामुळे शेकडो वर्षांनंतरही पाणी गोड आहे.

थोडं गणित : समजा दिवाळीत लिटरमागे 200 मिलिग्रॅम क्षार आहेत. मे महिन्यापर्यंत नुसत्या उन्हाने पाणी एक तृतीयांश उरलं, तर क्षार 600 होतील. समुद्राच्या जवळपाससुद्धा नाही! मग मासे का मरतात? तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. त्यात रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही तोच ऑक्सिजन वापरतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. वडिलांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

३. जिथे बाहेर जायला वाटच नाही

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. काठावरून गोड्या पाण्याची धार बारमाही आत पडते, तरी सरोवर खारट आणि अल्कधर्मी! कारण त्याला सांडवा नाही. पाणी येतं, ऊन ते नेतं, क्षार साचत राहतात. जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचं कारण निघालं.

४. चहूकडे समुद्र, तरी विहीर गोड

लक्षद्वीपच्या प्रवाळ बेटांवर एकही नदी नाही. तरी विहिरींना गोडं पाणी असतं. कसं? काचेच्या ग्लासात शाई टाकलेलं दाट मिठाचं पाणी घ्या. त्यावर चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी हळूच सोडा. ते वरच राहतं, कारण ते हलकं. बेटावरही पावसाचं पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी 1 मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटर असतं. म्हणूनच विहिरीची पातळी उपशाने थोडी जरी उतरली, तरी खारं पाणी बरंच वर येतं. किनाऱ्याजवळची तळी तर भरतीला खारट, पावसाळ्यात गोडसर अशी बदलत राहतात. कवरत्तीत 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करून लोकांना द्यावं लागतंय.

५. मग आपल्याला काळजी नाही?

आहे. सांडव्यावर अतिक्रमण झालं, गाळाने तलाव उथळ झाला, शेतातलं खत आणि गावचं सांडपाणी आत आलं, तर तलावाचं धुणं थांबतं. शेवाळ माजतं, मासे गुदमरतात आणि ढिवर कुटुंबांची वर्षाची कमाई जाते. बेटावर धोका मिठाचा, आपल्याकडे घाणीचा. मूळ चूक एकच : पाण्याची वाट बिघडवणं.

मुलांसाठी काम

- गावच्या तलावाचा नकाशा काढा. पाणी येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा दाखवा.
- सांडवा मोकळा आहे का? शेवटचा कधी वाहिला, ते आजी-आजोबांना विचारा.
- दर महिन्याला मोठ्यांसोबत जाऊन पातळी वहीत लिहा. शाळेत क्षार मोजायचा पेनसारखा मीटर असेल, तर तेही मोजा.

पालकांनो, तुमच्यापैकी कुणी मासेमारी किंवा धानशेती करत असाल, तर एक तास वर्गात येऊन बोला. आमच्या शाळेत आता हा पाठ ते वडीलच सुरू करतात. मी फळा पुसायला असतो.