ट्यूबाची पेटी

तंबोऱ्याला गवसणी घालतात, हे तुम्ही पाहिले असेल. कापडाच्या त्या आच्छादनामुळे धूळ व ओरखडे टळतात; पण भोपळ्यावर धक्का बसला, तर गवसणीचा काही उपयोग होत नाही. आकाशाला गवसणी घालण्याची भाषा माणूस सहज बोलतो. मात्र एखाद्या अवजड वाद्याला योग्य आवरण निवडताना त्याची त्रेधा उडते. असे एक वाद्य म्हणजे ट्यूबा.

पितळी वाद्यांच्या कुटुंबात खर्जाचा भार ट्यूबा वाहतो. वीप्रेख्ट व मोरिट्झ यांनी १८३५ साली बर्लिन येथे त्याचे पेटंट घेतले. त्याच्या एका प्रचलित प्रकारातील नळी सरळ केली, तर ती सुमारे साडेपाच मीटर भरेल. वाद्याचे वजन दहा किलोग्रॅमच्या आसपास असते. एवढ्या धिप्पाड वाद्याला जपण्याचे कारण काय, असे कोणालाही वाटेल. परंतु त्याचा पत्रा पातळ असतो व नळ्यांचे सांधे डाखाने जोडलेले असतात. कर्ण्याला पोचा पडला, तर रूप बिघडते, पण स्वराची हानी बेताचीच होते. तोच पोचा ओठांजवळच्या अरुंद नळीला पडला, की सूर ढळू लागतो. दट्ट्यांचे नळकांडे किंचित जरी वाकले, तरी दट्ट्या अडकतो आणि वादकाला वाद्य खाली ठेवावे लागते. कारागीर पोचा काढू शकतो, हे खरे. पण मठारलेले भांडे कठीण होते, हे पुण्याच्या तांबट आळीत कोणीही सांगेल. पितळही वारंवार ठोकले, की कठीण होऊन तडकू लागते.

म्हणून रेल्वेच्या सामानडब्यातून किंवा मालमोटारीतून वाद्य न्यावयाचे असेल, तर टणक पेटीच हवी. रोजच्या तालमीला जाड अस्तराची पिशवी पुरे.

ट्यूबा अनेक आकारांचे असतात. कोणाचा कर्णा रुंद, कोणाचे दट्टे पुढे, तर कोणाच्या फिरत्या झडपा मागे. त्यामुळे केवळ उंची मोजून पेटी घेणे म्हणजे नुसती पायाची लांबी सांगून दुसऱ्याकरवी जोडा मागविणे होय. वाद्य दुकानात नेऊन ते पेटीत ठेवूनच पाहावे. त्याचा भार मजबूत बुडावर व कर्ण्याच्या गळ्याशी असलेल्या गादीवर पडावा. कर्ण्याची कड पेटीच्या भिंतीला मुळीच टेकू नये. झाकण दाबून लावावे लागत असेल, तर तो दाब दट्ट्यांवर पडत आहे, असे समजावे. मग पेटी उचलून हळूच हलवावी. आतून ठक् असा आवाज आला, तर ती पेटी परत करावी. ओठांना लावावयाची जड वाटी सुटी ठेवू नये. तिच्यासाठी बंद कप्पा असावा. नाहीतर बाहेरच्या शत्रूपासून वाचलेले वाद्य घरच्याच वाटीने ठेचले जाते!

पेटीचे स्वतःचे वजन पुष्कळदा वाद्याइतके किंवा त्याहूनही अधिक भरते. दोन्ही मिळून जिन्यावरून चढविणे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा मुठी दोन्ही टोकांना असाव्यात व चाके मोठी असावीत. लहान चाके फरसबंदीच्या खाचेत अडकतात आणि पेटी पालथी होते.