रूळ काळे का पडतात?

प्रश्न : मुलासाठी प्लायवूडवर एचओ मापाची छोटी रेल्वे मांडली आहे. इंजिन अडखळत धावतं. रूळ पॉलिश पेपरने घासतो, तरी आठवड्यात पुन्हा काळे! रूळ बदलावेत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच बदलू नका. तो गंज नव्हे. चाक आणि रूळ यांच्यात बारीक ठिणग्या उडतात. त्यांची काजळी, धूळ आणि तेल यांचा तो लेप आहे. पॉलिश पेपरने ओरखडे पडतात आणि मळ त्यांतच रुतून बसतो. त्याऐवजी वीज बंद करून, खिडकी उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेलं जुनं सुती कापड रुळांवरून फिरवा. कापडावर काळी रेघ उमटेनाशी झाली की थांबा. हे द्रव्य पेट घेतं, त्यामुळे मुलाच्या हाती देऊ नका. डब्यांच्या रंगालाही लागू देऊ नका. चाकंही तशीच पुसा, नाहीतर पहिल्याच फेरीत मळ रुळांवर परत येतो. इंजिनाला तेल सुईच्या टोकाएवढंच पुरे.

मांडणीतल्या झाडांवरची आणि घरांवरची धूळ मऊ ब्रशने झटका. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा तर त्याच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधा. म्हणजे सुटलेला सिग्नल किंवा फलाटावरचा इवलासा हमाल आत ओढला जात नाही. खेळ संपला की वर सुती चादर घाला.