बारा महिन्यांचे मासे

आपल्या कुडाळात समुद्र नाही. समुद्र मालवणला, साधारण तीस किलोमीटर लांब. तरी मासेवालीची टोपली रोज आपल्या दारात येते. टोपलीत काय आहे ते बघून आजी महिना सांगते. कोणता मासा केव्हा मिळतो आणि का, हे मी देवबागच्या मामांना आणि आजीला विचारले. थोडे गुरुजींनी सांगितले. ते येथे लिहीत आहे.

आपली मोठी सुट्टी मे महिन्यात असते. समुद्राची सुट्टी जून-जुलैत असते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या राज्यात इंजिनाच्या होड्यांना समुद्रात मासेमारी करायला बंदी असते. जूनचे ३० आणि जुलैचे ३१ मिळून ६१ दिवस झाले. पावसात दर्या खवळतो, होडी उलटते, हे कारण सगळ्यांना माहीत आहे. दुसरे कारण असे की या दिवसांत पुष्कळ माशांच्या पोटात गाबोळी असते. गाबोळी म्हणजे माशाची अंडी. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. मामा म्हणाले, "गाबोळीचो एक मासो मारलो, म्हणजे हजार मारले."

मग दोन महिने खायचे काय? सुके मासे. मे महिन्याच्या कडक उन्हात बांगड्याला मीठ लावून वाळवतात. सुंगटां पण सुकवतात. खारा बांगडा चुलीत भाजला की वास शेजारच्या वाडीत जातो. पेजेबरोबर तो फार छान लागतो. माझ्या मते ताज्यापेक्षा छान.

पावसात समुद्रात आणखी एक गोष्ट होते, ती वरून दिसत नाही. नद्यांच्या पाण्याबरोबर माती आणि खत समुद्रात जाते. वाऱ्यामुळे समुद्राच्या खालचे थंड पाणी वर येते, त्यातही खत असते. त्यावर बारीक बारीक जीव वाढतात. ते इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना प्लवक म्हणतात. बांगडे आणि तारल्या प्लवक खातात. म्हणून पाऊस गेला की त्यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात. शेतात भात पिकते तसेच हे झाले.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात. ही पौर्णिमा दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. २०२० साली ३ ऑगस्टला होती आणि २०२३ साली ३० ऑगस्टला. मासेमारीचा कायदा महाराष्ट्रात १९८१ साली झाला. मामा सांगतात, त्याच्या आधीसुद्धा नारळ दिल्याशिवाय कोण दर्यात जायचा नाही.

मग येते रापण. ही सगळ्यांत मजेची. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्ध्या गोलासारखे सोडत नेतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. एका दोराला इकडची माणसे, दुसऱ्याला तिकडची. सगळे मागे मागे चालत ओढतात आणि दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात. कधी तासापेक्षा जास्त वेळ लागतो. जाळे जवळ आले की पाणी उकळल्यासारखे दिसते आणि वर पक्षी ओरडतात. कधी बांगड्यांचा ढीग पडतो, कधी नुसता कचरा आणि चार खेकडे. माशांचे वाटे घालतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा. आम्ही पोरांनी दोराला हात लावला तर आम्हाला पण दोन-चार बांगडे मिळतात.

थंडीत सुरमई. तिला आपल्याकडे इसवण म्हणतात. ती जाळ्यात मिळते आणि गरीला पण लागते. गरी म्हणजे गळ. हल्ली पाहुणे लोक पैसे देऊन होडीतून गरवायला जातात. मामांना याचे हसू येते. ते म्हणतात, "आमी माशे मारून पैसे घेतंव, हे पैसे देवन माशे मारतत!"

पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. त्याच वर्षी सरकारने लहान मासे पकडू नयेत म्हणून मापे ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान नको. म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. आपल्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते, तेव्हा घरी पापलेट आणले की माप घेता येईल.

आता आपल्या कुडाळचे सांगतो. आपली भंगसाळ नदी पुढे कर्ली होऊन देवबागजवळ समुद्राला मिळते. मिरगाचा मोठा पाऊस पडला की नदीतले मासे व्हाळातून वर चढतात आणि भाताच्या मळ्यांत शिरतात. यांना चढणीचे मासे म्हणतात. खवळे, मळये, शिंगटी असे किती प्रकार असतात. ते अंडी घालायला वर येतात. मळ्यातले पाणी उथळ असते, गवत असते, मोठे मासे तिथे येत नाहीत. पिल्लांना ते बरे पडते.

पण त्याच रात्री सगळा गाव बॅटरी आणि पाग घेऊन व्हाळावर असतो. समुद्रातल्या गाबोळीच्या माशाला ६१ दिवस सुट्टी आणि आपल्या व्हाळातल्या माशाला एक रात्र पण नाही. हे मला पटत नाही. यावरून आमच्या घरी वाद झाला. बाबा म्हणाले, "वर्षातून एकदाच तर मिळतत." आजी म्हणाली, "आमच्या वेळेक मळ्यात पाय ठेवूक जागा नसायची, इतके मासे. आता रातभर भिजलास तरी वाटीभर." मग बाबा गप्प बसले. काही लोक तर व्हाळात ब्लीचिंग पावडर टाकतात. त्याने मोठे मासे मरतात, पिल्ले मरतात, खेकडे पण मरतात. तेच पाणी गुरे पितात.

जे मासे वर पोचतात, त्यांची पिल्ले मळ्यातच मोठी होतात आणि भाद्रपदात पाणी उतरू लागले की व्हाळातून परत नदीत जातात. तेव्हा ती बोटाच्या पेराएवढी असतात. शाळेमागच्या साकवावरून ती दिसतात. पाऊस थांबून ऊन पडले पाहिजे आणि साकवावर नाचता कामा नये, नाहीतर सगळी दगडाखाली पळतात.

– इयत्ता ४ थी